व्याह्यांच्या गाडीतला लाल त्रिकोण

बिघाड या गोष्टीवर आमच्या व्याह्यांइतकं मनापासून प्रेम करणारा माणूस मी दुसरा पाहिलेला नाही. नीट चालणाऱ्या वस्तूबद्दल त्यांना आदर आहे, पण ओढ नाही. पंखा गुमान फिरत असेल तर ते त्याच्याकडे शेजाऱ्यांच्या अभ्यासू मुलाकडे बघावं तसं बघतात आणि पुढे जातात. तोच पंखा जरा कुरकुरला की त्यांचा चेहरा उजळतो, बाह्या वर जातात आणि 'आता कसं!' असं म्हणून ते स्टूल आणायला धावतात. चाकणच्या एका कारखान्यात क्वालिटी खात्यात त्यांची सगळी नोकरी गेली. गाड्यांचे सुटे भाग भिंगाखाली धरायचे आणि 'ओके' किंवा 'रिजेक्ट' म्हणायचं, एवढंच ते काम; पण ते त्यांनी इतक्या निष्ठेने केलं की निवृत्तीच्या समारंभात कंपनीने शाल-श्रीफळाबरोबर दिलेलं घड्याळ त्यांनी स्टेजवरच कानाला लावलं आणि रिजेक्ट केलं. साहेबांनी बदलून दिलं म्हणतात. न देऊन सांगतात कुणाला!

ही मंडळी सोयरीक ठरवायला चिंचवडला आमच्या घरी आली तेव्हाची गोष्ट. पोहे झाले, चहा झाला, आता मानपानाचं बोलणं निघणार म्हणून मी सावरून बसलो. व्याही म्हणाले, "सर, खाली ती पांढरी गाडी तुमचीच ना? जरा किल्ली देता?" मी शाळेत भूगोल शिकवायचो, त्यामुळे सगळं जग मला सर म्हणतं, पण सर म्हणून किल्ली कुणी मागितली नव्हती. खाली गेलो. त्यांनी शर्टाच्या खिशातून काडेपेटीएवढी एक डबी काढली, गाडीत वाकून ती स्टिअरिंगखालच्या खाचेत बसवली आणि मोबाइल उघडला. हल्लीच्या गाड्या आपली दुखणी आपणच मनात ठेवतात, एक अक्षर आणि पुढे आकडे अशा कोडमध्ये, आणि ही डबी ते कोड वाचते, हे मला तेव्हा कळलं. "गाडी खोटं बोलत नाही, सर. माणूस बोलतो," असं म्हणून त्यांनी स्क्रीन माझ्यासमोर धरला. "तिसरा सिलिंडर नीट पेटत नाहीये. कधीपासून?" मला माहीत नव्हतं. गाडीला तीन सिलिंडर आहेत हेही मला माहीत नव्हतं. त्यांनी माझ्याकडे पाहिलं त्यात राग नव्हता, कणव होती. वर येऊन भरल्या घरात ते म्हणाले, "मुलगी आम्हाला पसंत आहे. गाडीकडे मात्र लक्ष द्यावं लागेल." आमच्या हिला कित्येक दिवस वाटत होतं की ती लग्नाची अट होती. साखरपुड्याच्या आधी मी प्लग बदलून घेतले.

त्यांचं घर चऱ्होलीत आहे, जुन्या गावठाणाला लागून. चहूबाजूंनी टॉवर उठलेत आणि मध्ये हा एकमजली बंगला. आत शिरलात की आधी जमिनीवर पिवळ्या रंगाचे चौकोन दिसतात. हे चपलांचं, हे कुंडीचं, हे पाहुण्यांच्या चपलांचं. कारखान्यात यंत्रांभोवती आखतात तसे त्यांनी ते स्वतः आखले आहेत. माझी चप्पल एकदा रेघेवर पडली, तर हा माणूस माझ्याशी गप्पा मारता मारता उठला, चप्पल दोन बोटं आत सरकवली आणि वाक्य जिथे सोडलं होतं तिथूनच पुढे बोलू लागला. दुसरी सवय 'का' विचारण्याची. त्यांच्या खात्यात दोष सापडला की पाच वेळा 'का' विचारायचं अशी पद्धत होती. प्रत्येक उत्तराला पुन्हा का, म्हणजे पाचव्याला मूळ कारण हाती लागतं. मूळ कारणाला ते रूट कॉज म्हणतात आणि तो शब्द उच्चारताना आवाज खाली आणतात. एका रविवारी आमटी खारट झाली. का? मीठ दोनदा पडलं. का? लक्ष नव्हतं. का? डोकं दुखत होतं. का? रात्री झोप नाही. का? विहीणबाई पळी हातात घेऊन म्हणाल्या, "कारण तुमच्याशी लग्न केलंय." व्याह्यांनी क्षणभर विचार केला आणि गंभीरपणे म्हणाले, "रूट कॉज बरोबर आहे. पण यात आता सुधारणा शक्य नाही." आणि आमटीत पाणी घालून घेतलं.

लोक हायब्रिड गाडी घेतात ती पेट्रोल वाचावं म्हणून. व्याह्यांनी घेतली ती तिच्यात बिघडण्यासारखं जास्त आहे म्हणून. असं ते म्हणत नाहीत, पण गाडी घरी आली त्या दिवशीचा त्यांचा चेहरा मी पाहिला आहे. "सर, पुढं इंजिन आहे, मागच्या सीटखाली मोठी बॅटरी आहे, मोटर वेगळी, आणि या सगळ्यांवर लक्ष ठेवणारे कॉम्प्युटर वेगळे," ते सांगत होते, आणि एखाद्याने भरल्या गोकुळाचं कौतुक सांगावं तसं सांगत होते. गाडी नवी, त्यामुळे कोड एकही नव्हता. पहिलं वर्षभर ते रोज सकाळी डबी लावायचे आणि 'निरंक' म्हणून खट्टू होऊन चहाला यायचे. मग पावसात एका सेन्सरच्या जोडात ओल शिरली आणि पहिला कोड आला, तेव्हा त्यांनी मला फोन केला होता. मला आधी वाटलं नातवंडाची बातमी आहे.

त्या बॅटरीच्या विजेला मात्र ते वचकून असतात. सीटखालच्या नारिंगी वायरींच्या आसपास काम असलं की कोपरापर्यंत रबरी हातमोजे चढतात, अंगठी, घड्याळ, करगोटा सगळं उतरतं आणि विहीणबाईंना हाक जाते. त्यांनी धुणं वाळत घालायची लांब काठी घेऊन दारात उभं राहायचं. "मला शॉक बसला तर हातानं ओढायचं न्हाई. काठीनं ढकलायचं." गाडीबद्दल बोलताना ते कंपनीची मराठी बोलतात, पण मनातून हलले की चऱ्होलीची येते. विहीणबाई काठी पेलून उभ्या राहतात, एक डोळा नवऱ्यावर आणि एक खिडकीतून दिसणाऱ्या मालिकेवर. मी एकदा म्हटलं, "कंटाळा येत नाही का?" तर म्हणाल्या, "कंटाळा कसला? लग्नाला इतकी वर्षं झाली, ढकलायची परवानगी पहिल्यांदाच मिळालीय."

खंडेनवमीला आमच्या पट्ट्यात प्रत्येक कंपनीत यंत्रांची पूजा होते, लेथला हार, क्रेनला हार. व्याह्यांच्या घरी भिंगाची, मीटरची आणि त्या काडेपेटीएवढ्या डबीची होते. मग गाडीची. चाकांखाली लिंबं, बॉनेटवर स्वस्तिक, झेंडूचा हार, सगळं रीतसर. पण एवढ्यावर थांबले तर ते आमचे व्याही कसले? "पुढच्या इंजिनाची पूजा करायची आणि मागचीला उपाशी ठेवायचं? ओढते तर तीसुद्धा." मागच्या सीटच्या कडेला, दाराजवळ, एक बारीक जाळी आहे. तिच्यातून हवा आत जाते आणि पंखा ती बॅटरीवरून खेळवतो. ते तिचं नाक. म्हणून हळद, कुंकू, अक्षता आणि झेंडूच्या पाकळ्या ते त्या जाळीवर वाहतात, आणि पूजा झाली की जाळी पुसूनही घेतात. संपूर्ण पिंपरी-चिंचवडमध्ये बॅटरीच्या नाकाला कुंकू लावणारा हा एकच माणूस असेल. मला त्यात वावगं काही वाटलं नव्हतं. उलट बरं वाटलं होतं.

यंदा चैत्राचं ऊन तापलं आणि गाडीत समोर, काट्यांच्या शेजारी, धोक्याचा लाल त्रिकोण पेटला. कोड निघाला तो थेट बॅटरीचा. व्याही हरखले. मधुमेह्याने गोड खावं तसे चोरून हरखले, कारण घरात वातावरण वेगळं होतं. आमचे जावई, म्हणजे त्यांचा मुलगा, ताथवड्याला राहतात, आयटीत आहेत, शांत आहेत. पण वडिलांनी या वयात गाडी चालवावी हे त्यांना बरेच दिवस पसंत नव्हतं. मध्यंतरी डाव्या बाजूचा आरसा एका टेम्पोला लागला होता, मग गेटला डावा दरवाजा घासला होता. त्यांनी गाडी सर्व्हिस सेंटरला न्यायला लावली. तिथली इंजिनिअर मुलगी फार नम्र. ती म्हणाली, "काका, उन्हाळ्यात हा कोड आला की बहुतेक वेळा हवा अडलेली असते. आधी मागची जाळी काढून बघू." व्याही म्हणाले, "ताई, ती मी स्वतः बघितलीय. ओके आहे." मुलीने पुन्हा विचारलं. व्याह्यांनी पुन्हा ओके म्हटलं. ज्या माणसाचा ओके कंपनीत कुणी दुसऱ्यांदा तपासला नाही, त्याच्यापुढे ती बिचारी काय बोलणार? मग बॅटरीच बदलावी लागेल, ती म्हणाली. बॅटरी बदलायची तर गाडीच विकू, जावई म्हणाले. रविवारी देहूरोडचे एक गृहस्थ बघायला येतील, त्याच्या आत त्रिकोण गेला तर गाडी ठेवा, नाहीतर नाही.

शनिवारी दुपारी व्याह्यांनी मला बोलावून घेतलं. पोर्चमध्ये गाडीचं मागचं सीट उचकटून ठेवलेलं, विहीणबाई काठीसह जागेवर. व्याही हातमोजे घालता घालता थांबले. "सर, गाडी गेली की आमी घरात बसलो." मी म्हटलं, "रिक्षा आहेत, कॅब आहेत." ते म्हणाले, "रिक्षावाला विचारतो, कुठं जायचंय. मला कुठं जायचंच नसतं. नुसतं जायचं असतं."  मी त्यांच्याबरोबर तसा पुष्कळदा गेलो आहे, मोशी, आळंदी, चाकणच्या जुन्या कंपनीच्या गेटपर्यंत आणि तिथून परत. गेटवर ते गाडी बाजूला घेतात, शिफ्ट सुटताना बघतात, आणि गाडी वळवतात. त्यांना आणखी काही नको असतं.

मग आम्ही कामाला लागलो, म्हणजे ते लागले आणि मी बॅटरी धरली, हातातली. त्यांनी एकेक जोड तपासला. ओके. तापमान सांगणारे सेन्सर, ओके. पंखा जोरात फिरतोय, तरी बॅटरी तापतेच आहे. "का?" ते मलाच विचारायचे. मी भूगोलातून जमेल तेवढं सांगितलं, वारे, उष्मा वगैरे. शेवटी त्यांची कंबर धरली, म्हणून ते म्हणाले, "सर, ती जाळी तेवढी पुन्हा काढा. ओके आहे, पण काढून ठेवा, हाताला अडचण होते." मी वाकून जाळी ओढली आणि तिच्या मागे प्रकाश टाकला. आत एक जाड थर बसला होता, मऊ, पिवळा-तांबडा, अगदी लोकरीच्या नमद्यासारखा. मी म्हणालो, "व्याही, इथे देव्हारा आहे."

"म्हणजे?"

"कुंकू आहे. हळद आहे. झेंडू आहे. तांदूळही आहेत."

"काहीतरीच काय! दर महिन्याला बघतो मी." ते शेजारी गुडघ्यांवर बसले. भिंगाची सवय अशी की बारीक काही बघायचं तर उजवा डोळा मिटायचा आणि डाव्याने बघायचं. तसं त्यांनी बघितलं. सावकाश बघितलं. "ओके आहे," ते म्हणाले.

माझ्या हातातला उजेड थेट त्या कुंकवावर पडला होता.  मग मी जमेल तितक्या हळू म्हणालो, "उजव्यानं बघा."

त्यांनी डोळा बदलला.  विहीणबाईंनी काठी भिंतीला टेकवली, आत गेल्या आणि पाण्याचा तांब्या घेऊन आल्या.  व्याही पाणी प्यायले, मग ब्रश आणि व्हॅक्यूम आणून त्यांनी तो थर स्वतः काढला, अगदी कणनकण. पाकळ्या आणि अक्षता कचऱ्यात न टाकता त्यांनी तुळशीत घातल्या. गाडी चालू करून पाहिली. बॅटरी गार राहिली, कोड पुसला तो परत आला नाही, लाल त्रिकोण गेला. एरवी अशा वेळी ते पेढे मागवतात.

रविवारी जावई आले, मागोमाग देहूरोडचे गृहस्थ आले. जावयांनी गाडी चालू केली, बघितलं, पुन्हा बंद करून चालू केली आणि हसले. "जिंकलात बाबा. ठेवा गाडी." मी मनात म्हटलं, सुटलो. विहीणबाईंनी चहा आणला. गोष्ट तिथे संपवता येत होती. जे आम्हा तिघांना माहीत होतं ते आम्ही तिघांनी पोटात ठेवलं असतं, आणि खरं सांगतो, माझी त्याला पूर्ण तयारी होती. मी व्याह्यांना डोळ्यांनी तसं सुचवलंही. पण व्याही म्हणाले, "थांब. रूट कॉज सांगायचं राहिलंय."

ते उभे राहिले, कंपनीतल्या मीटिंगला उभे राहत असतील तसे, हात मागे बांधून. "त्रिकोण का आला? बॅटरी तापली म्हणून. का तापली? हवा अडली. का अडली? जाळीमागं पूजेचं सामान साठलं. पूजा मी केली." जावयांनी कप खाली ठेवला. "का साठू दिलं? तपासणाऱ्यानं ओके दिला. त्या पोरीनं विचारलं तरी दिला." इथवर कंपनीची मराठी होती. मग ते थांबले, आणि आवाज एकदम गावाकडचा झाला. "का दिला? तर डाव्या डोळ्यानं मला दिसत न्हाई, बाळा. काळं काळं दिसतंय. दोन पाडवं झालं. सांगितलं न्हाई तुला." देहूरोडच्या गृहस्थांना यातलं काय समजलं कोण जाणे, ते म्हणाले, "पण गाडी चांगली आहे ना?" व्याही त्यांच्याकडे वळून म्हणाले, "गाडी ओके आहे, भाऊ. तपासणारा रिजेक्ट आहे." आणि खिशातून किल्ली काढून त्यांनी ती चहाच्या ट्रेमध्ये ठेवली. इतके महिने जावई वडिलांशी ज्या गोष्टीवरून भांडत होते ती अशी समोर येऊन पडल्यावर त्यांना ती उचलवेना. ते उठले आणि वडिलांच्या जवळ जाऊन नुसते उभे राहिले. मला त्या क्षणी दोघांचीही फार माया वाटली.

मोतीबिंदू असता तर काढता आला असता. काचबिंदू निघाला. डाव्या डोळ्याचं गेलं ते गेलं, उजव्याचं आहे ते थेंब घालून जपायचं, आणि गाडी चालवायची नाही, असं डॉक्टरांनी सांगितलं. व्याह्यांनी डॉक्टरांनाही दोन 'का' विचारले, तिसरा विचारला नाही. गाडी विकली मात्र नाही, कारण एक दिवस विहीणबाईंनी कुणाला न विचारता मोशीच्या ड्रायव्हिंग स्कूलमध्ये नाव घातलं. शिकवणारा म्हणाला, "मावशी, घाबरू नका," तर त्या म्हणाल्या, "घाबरते कुठं? आमच्यात भीती वाटायचं काम आमचे हे करतात." पहिल्या प्रयत्नात लायसन्स मिळालं. आता संध्याकाळी त्या चालवतात, व्याही शेजारी बसतात आणि मी गेलेलो असलो तर मागे. त्या फार सावकाश चालवतात. मागून हॉर्न वाजवणाऱ्यांना त्या मनापासून आशीर्वाद देतात आणि आपल्याच गतीने जातात. व्याही शांत असतात. सुरुवातीला मला ती शांतता सोसत नसे, काहीतरी कोड विचारावा म्हणून मी विचारत असे, ते उत्तर देत, पण थोडक्यात.

त्यांची बाजू डावी, आणि डाव्या डोळ्याला अंधार, त्यामुळे त्यांच्या खिडकीबाहेरचं त्यांना दिसत नाही. ते विचारतात, "काय आलं गं?" त्या रस्त्यावरची नजर न काढता सांगतात, "पेट्रोल पंप. आता शाळा. पोरं खेळताहेत." परवा आम्ही गावाच्या कडेने, जुन्या रानाच्या रस्त्याने येत होतो. तिथे त्यांच्या भावकीची जमीन होती. व्याही लहानपणी तिथे राखणीला जायचे. आता तिथे अठ्ठावीस मजल्यांचं काम चाललंय, मोठा फलक आहे, रात्रंदिवस काँक्रीटचे मिक्सर ये-जा करतात. त्यांनी विचारलं, "काय आलं?" विहीणबाईंनी गाडी आणखी हळू केली आणि म्हणाल्या, "तुमचं रान. ज्वारी उभी हाय."  मिक्सरचा घरघराट सबंध गाडीत ऐकू येत होता. मान जरा वळवली असती तर उजव्या डोळ्याने त्यांना सगळं दिसलं असतं, तो डोळा अजून चांगला आहे. त्यांनी मान वळवली नाही. समोर रस्त्याकडे बघत ते म्हणाले, "कणसं भरली का?"

"भरली," त्या म्हणाल्या.